दार लोटून घ्या, मग बोलू

श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनावर आजही 'बेलापूर' अशीच पाटी आहे. याच स्टेशनावरून एक बाई वर्षभर, महिन्यातून दोनदा पुण्याला जात होत्या. घरी सांगायच्या, बहिणीकडे चालले. जायच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे. गोळ्या चालू होत्या, तासभर बोलणं व्हायचं, चांगला गुण येत होता. एवढ्या लांब कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ताई, इथल्या दवाखान्यापुढं माझी स्कूटी उभी दिसली की दिवेलागणीच्या आत आमच्या गल्लीत कळतं." पुढे उन्हाळ्यात घरात लग्न निघालं, दोन फेऱ्या चुकल्या, गोळ्या संपल्या आणि त्यांची झोप पुन्हा उडाली. हे त्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

त्यांच्या उपचारातला सगळ्यात मोठा खर्च डॉक्टरांच्या फीचा नव्हता, लपवाछपवीचा होता.

मी या भागात समुपदेशनाचं काम करते. रुग्णाच्या खासगी माहितीबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक मोठ्या शहरांचं असतं. कुठल्या तरी रुग्णालयाच्या कॉम्प्युटरमधली माहिती चोरीला गेली, वगैरे. तालुक्याच्या गावात माहिती अशी जात नाही. इथे ती बाकावरून जाते, काउंटरवरून जाते, मेडिकलवाल्याच्या मोठ्या आवाजातून जाते, सोबत आलेल्या चुलत्याच्या तोंडून जाते. बहुतेक वेळा कुणाच्या मनात वाईट नसतं. "कशी आहे आता पोरगी?" हे काळजीनेच विचारलेलं असतं, फक्त भर चौकात. कायदा आपल्या बाजूने आहे आणि चांगला भक्कम आहे. पण तो आपण होऊन दार लावायला येत नाही. ते पहिल्याच भेटीत आपण सांगायचं असतं.

माझ्याच खोलीबाहेरची गोष्ट सांगते. सुरुवातीला तिथे टेबलावर एक लांबडं रजिस्टर उघडं असायचं. नाव, गाव, मोबाईल आणि चौथा रकाना 'तक्रार'. निळ्या शाईत एकाखाली एक: झोप लागत नाही. नवऱ्याशी पटत नाही. दारू. जगावंसं वाटत नाही. नंबर लावायला वाकलेल्या माणसाला वरच्या सगळ्या ओळी वाचता यायच्या. एका गृहस्थांनी सही करता करता वरचं नाव वाचलं, गाव वाचलं आणि बाकावर बसलेल्या मुलीकडे वळून म्हणाले, "तू अमक्यांची ना गं?" मुलगी नंबर यायच्या आधीच उठून गेली. पुन्हा आली नाही. ती चूक माझी होती. तेव्हापासून रजिस्टर खणात असतं, चौथा रकाना काढून टाकला, बाहेर फक्त नंबराचा बिल्ला मिळतो आणि हाकही नंबरानेच मारली जाते. या सगळ्याला खर्च आला तो प्लास्टिकच्या बिल्ल्यांचा.

तेव्हा कुठल्याही दवाखान्यात हे मागायला संकोच करू नका. आधी फोन करून वेळ ठरवा आणि गर्दी कमी असते ती वेळ मागा. नावाने मोठ्याने हाक मारू नका, असं सांगून ठेवा. काउंटरवर "काय होतंय?" असं विचारलं तर "डॉक्टरांनाच सांगते" हे पूर्ण उत्तर आहे, त्यापुढे काही सांगायची गरज नाही. आत गेल्यावर दार उघडं असेल, कंपाऊंडर आत-बाहेर करत असेल, पुढचा रुग्ण दारातच उभा असेल, तर बोलायला सुरुवात करू नका. "दार लोटून घेता का, मग बोलते," एवढंच म्हणा. एकाही चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

आणि आपली हकीकत सांगण्याआधी आपणच चार प्रश्न विचारा. तुम्ही काय लिहून ठेवता? ते कागद कुठे असतात आणि कोण उघडतं? माझ्याबद्दल कुणाशी बोलणार असाल तर मला आधी विचाराल का? चौथा प्रश्न लोक विसरतात आणि तोच नंतर नडतो: माझा फोन लागला नाही तर घरच्या कुठल्या नंबरावर करणार आणि कोण बोलतंय म्हणून सांगणार? भेटीची आठवण करून द्यायला दवाखान्यातून आलेला फोन सासूबाईंनी उचलला आणि तिथून सगळं उलगडलं, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. घरच्या नंबरावर फोन करूच नका, असं सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे.

समोर बसलेली व्यक्ती नेमकी कोण आहे, हेही जाणून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. ते औषध लिहून देतात आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत त्यांचं नाव असतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. 'समुपदेशक' या पाटीमागे मात्र एमए झालेलं, वर्षानुवर्षं काम केलेलं माणूस असू शकतं, नाहीतर आठवड्याचा कोर्स करून आलेलंही. नोंदणी क्रमांक विचारणं हा अपमान नाही. आणि समुपदेशकाची कुठेच नोंदणी नसेल, तर गुप्ततेबद्दल चार ओळी लिहून, सही करून मागा. उद्या काही बिनसलं तर तोच कागद हातात असतो.

आता कायद्याकडे वळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याच्या तेविसाव्या कलमात साफ म्हटलं आहे की मानसिक आजार असलेल्या माणसाचा आजार, त्याची मानसिक स्थिती, उपचार, शरीराची तपासणी, हे सगळं गुप्त राहण्याचा त्याला हक्क आहे आणि उपचार करणाऱ्याचं ते कर्तव्य आहे. पुढचं कलम सांगतं की हा हक्क कागदापुरता नाही, कॉम्प्युटर आणि मोबाईलमध्ये साठवलेल्या माहितीलाही तो लागू आहे. याच्या जोडीला सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे डॉक्टरांनी आपली गोष्ट पोटात ठेवली, तर ते उपकार करत नाहीत.

पण "इथलं काहीही बाहेर जाणार नाही" असं छातीठोक वचन कुणी दिलं, तर थोडं सावध व्हा. ते खरं नसतं. कायद्यानेच काही दारं मोकळी ठेवली आहेत आणि ती आधी माहीत असलेली बरी. रुग्णाच्या जिवाला धोका असेल, किंवा त्याच्याकडून दुसऱ्या कुणाला इजा होण्याची भीती असेल, तर धोका टाळण्यापुरती माहिती देता येते. 'पुरती' हा शब्द महत्त्वाचा आहे. आत्महत्येचा विचार घरात सांगावा लागला, तरी त्या ओघात मुलीचं प्रेमप्रकरण सांगायची मुभा मिळत नाही. उपचारासाठी एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला सांगणं चालतं. सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल तर चालतं. न्यायालयाने किंवा मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाने आदेश दिला तर सांगावंच लागतं. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्यात जे खास कवच आहे ते आपल्याकडे डॉक्टरशी झालेल्या बोलण्याला नाही. घटस्फोटाच्या, मुलांच्या ताब्याच्या दाव्यात कागदपत्रं मागवली जाऊ शकतात. मात्र समोरच्या पक्षाच्या वकिलाचं पत्र म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. तसं पत्र आलं म्हणून फाईल देऊन टाकणारा डॉक्टर चुकतो.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट फार स्पष्टपणे सांगायला हवी. १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. डॉक्टर असो, शिक्षक असो, माझ्यासारखी समुपदेशक असो, सुटका नाही आणि न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून सोळा-सतरा वर्षांची मुलगी समोर येऊन "ताई, कुणाला सांगणार नाही ना?" असं विचारते, तेव्हा मी लगेच हो म्हणत नाही. आधी सांगते, या तीन-चार गोष्टी सोडून बाकी सगळं आपल्या दोघींत राहील. काही मुली तिथेच गप्प होतात. तरीही मला हेच बरोबर वाटतं. विश्वास एकदा मोडला की ते मूल आयुष्यात पुन्हा कुणाकडे तोंड उघडत नाही. आणि तक्रार झाली, तरी मुलीचं नाव, शाळा, घर, फोटो छापायला वा दाखवायला त्याच कायद्याने मनाई आहे, हेही तिला त्याच वेळी सांगते.

आईवडिलांनाही एक विनंती. मुलगा समुपदेशकाकडे जातो, तुम्ही फी भरता, काळजी तुम्हाला आहे. पण दर भेटीनंतर "आज काय काय सांगितलं त्याने?" असं विचारू नका. "आम्ही घरी काय करावं?" असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर नेहमी मिळेल.

आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही. सोबत नवरा, दीर, मामा, शेजारची वहिनी आणि गाडी चालवायला आणलेला भाचा. हे प्रेमच आहे आणि पुष्कळदा त्याच्यामुळेच माणूस दवाखान्यापर्यंत पोचतो. पण चार जणांपुढे बाई सांगणार काय? "डोकं दुखतं" एवढंच. म्हणून निदान दहा मिनिटं डॉक्टरांशी एकटीने बोलण्याचा आग्रह धरा. ते स्वतः सांगायला जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून आत पाठवा. घरात मारहाण होत असेल तर ही दहा मिनिटं अतिशय मोलाची आहेत. डॉक्टरांनी त्या दिवशी केसपेपरवर लिहिलेली जखमेची नोंद पुढे कौटुंबिक हिंसाचाराच्या दाव्यात पुरावा म्हणून उपयोगी पडते.

इथे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने एक सोपी सोय दिली आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' कोण, हे आपण आधीच लिहून ठेवू शकतो. स्टँपपेपर लागत नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावर त्या व्यक्तीचं नाव लिहायचं, खाली आपली सही किंवा अंगठा, आणि त्या व्यक्तीची लेखी संमती. ती सज्ञान आणि ही जबाबदारी पेलू शकणारी हवी, बस. उपचाराच्या निर्णयांत मदत करायला गरजेची माहिती याच व्यक्तीला दिली जाते. नवऱ्याऐवजी बहिणीवर विश्वास असेल तर बहिणीचं नाव लिहा. मुलाऐवजी जुनी मैत्रीण जवळची वाटत असेल तर तिचं लिहा. मन बदललं तर नाव केव्हाही बदलता येतं. असं काही लिहिलेलं नसलं की नातेवाइकांचा नंबर आपोआप लागतो आणि नेमका नको तोच नातेवाईक पुढे येतो. बरं असताना, डोकं शांत असताना हा कागद करून ठेवा, एक प्रत डॉक्टरांच्या फाईलमध्ये लावा.

या भागातले पुष्कळ लोक लोणीला, प्रवरेच्या मोठ्या रुग्णालयात जातात. ते शिकवण्याचं रुग्णालय आहे, तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा कुठल्याही ठिकाणी डॉक्टरांसोबत विद्यार्थी असतात, आणि त्यांनी शिकलं नाही तर उद्याचे डॉक्टर येणार कुठून? तरी एखादी गोष्ट सहा जणांपुढे सांगवत नसेल, तर तसं सांगण्यात काही गैर नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत तर हेही आहे की रुग्णाची ओळख पटेल असा फोटो किंवा हकीकत परवानगीशिवाय छापता येत नाही.

आता सोयरिकीचा विषय. गुपित फुटण्याची श्रीरामपुरातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्थळाची चौकशी. पाहुणे गावात येतात, ओळखीतून ओळख काढतात आणि कुणीतरी दवाखान्यात फोन करतं: "तुमच्याकडं अमक्यांची मुलगी येती का हो?" इथे फक्त एकच उत्तर बरोबर आहे. "आमच्याकडे कोण येतं, कोण येत नाही, हे आम्ही कुणालाच सांगत नाही." 'येते' म्हणणं तर चूक आहेच, पण 'नाही येत' असं म्हणणंही चूक आहे. कारण आज एकीबद्दल 'नाही' सांगितलं आणि उद्या दुसरीबद्दल गप्प राहिलं, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ पाहुण्यांना बरोबर कळतो. डॉक्टर सहसा हे पाळतात. चूक होते ती फोन उचलणाऱ्याची, आणि त्याला कुणी हे शिकवलेलंच नसतं. दवाखाना चालवणाऱ्यांनी हे वाक्य कागदावर लिहून फोनजवळ चिकटवून ठेवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लग्नाच्या बाबतीत लोक कधी कधी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या एका निकालाचा दाखला देतात. रक्त देताना एका माणसाला एचआयव्ही असल्याचं रुग्णालयाला कळलं, ती गोष्ट बाहेर गेली आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. न्यायालयाने रुग्णालयाला दोषी धरलं नाही, कारण होणाऱ्या बायकोच्या जिवाला धोका होता. पण तो संसर्गाचा प्रश्न होता. नैराश्य, चिंता, झोप न येणं हे काही एकाचं दुसऱ्याला लागत नाही. त्या निकालाच्या आधारावर पाहुण्यांना मुलीची फाईल दाखवता येत नाही. स्वतः मुलीने किंवा मुलाने जोडीदाराला विश्वासात घेऊन सांगावं का? माझं मत, जरूर सांगावं, आणि लग्नाआधी सांगावं. सांगितलं नाही म्हणून फसवणुकीचे दावे झालेले आहेत. पण ते सांगायचं त्या दोघांनी, आपल्या तोंडाने, आपल्या वेळी. कंपाऊंडरने नव्हे.

मेडिकलच्या दुकानाबद्दल थोडं सांगते. अल्प्राझोलाम, झोलपिडेम अशा झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या 'शेड्यूल एच-वन' मध्ये येतात. त्या देताना दुकानदाराला डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. १ मार्च २०१४ पासून हा नियम आहे. तेव्हा नाव विचारलं म्हणून दुकानदारावर रागावू नका, तो त्याचं काम करतो आहे. पण "ही डोक्याची गोळी संपलीये, उद्या या" हे गर्दीत ओरडून सांगायचा नियम कुठेही नाही. चिठ्ठी घडी घालून द्या, गोळीचं नाव बोलू नका, बोटाने दाखवा. जमलं तर दुकान एकच ठेवा आणि त्या माणसाला एकदा बाजूला घेऊन नीट सांगा. माझा अनुभव असा की सांगितल्यावर लोक ऐकतात.

मोबाईल मात्र ऐकत नाही. चिठ्ठीचा फोटो डॉक्टरांना पाठवला की तो गॅलरीत राहतो, आणि घरात एकच फोन असेल तर शाळेच्या अभ्यासासाठी तोच फोन मुलाच्या हातात जातो. पाठवून झाला की फोटो काढून टाका, गॅलरीतूनही आणि 'डिलीट' झालेल्या फोटोंच्या डब्यातूनही. समुपदेशकाचं नाव फोनमध्ये साध्या नावाने साठवा. व्हिडिओवर बोलायचं असेल तर कानात इअरफोन घाला म्हणजे निदान समोरच्याचं बोलणं घरात ऐकू जाणार नाही. आणि समोरच्या खोलीत आणखी कोण आहे, बोलणं रेकॉर्ड होतंय का, हे सरळ विचारा. घरात जागाच नसेल तर मळ्यात बांधावर जाऊन बोलणाऱ्या बाया मला माहीत आहेत, आणि त्या खोलीत बसून बोलणाऱ्यांपेक्षा मोकळ्या बोलतात.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना 'आभा' क्रमांक मागतात. १४ आकडी क्रमांक असतो, आपले आरोग्याचे कागद एका ठिकाणी जोडण्यासाठी. तो ऐच्छिक आहे. काढला तरी कुठला कागद जोडायचा, कुणाला दाखवायचा, हे तुमच्या संमतीवर आहे. येणारा ओटीपी म्हणजे तुमची संमती, तेव्हा कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय तो सांगू नका. डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

आपली माहिती दुसऱ्याला न मिळणं हा झाला अर्धा हक्क. ती आपल्याला मिळणं हा दुसरा अर्धा. आपल्या फाईलची प्रत मागता येते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच एका निकालात सांगून ठेवलं आहे की केसपेपर रुग्णाला नाकारता येणार नाहीत. डॉक्टरांच्या नियमावलीप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. मानसिक आरोग्याच्या २०१८ च्या नियमांत १५ दिवसांची मुदत आहे. अर्ज साधा असतो: 'मी आपल्याकडे अमुक महिन्यापासून उपचार घेत आहे. माझ्या निदानाच्या, तपासण्यांच्या व उपचारांच्या नोंदींची प्रत मला हवी आहे. कृपया बंद पाकिटात, माझ्याच हाती द्यावी.' तारीख, सही, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की कागद गावाकडच्या ओळखीच्या माणसाबरोबर उघडेच पाठवले जातात.

एखादी नोंद वाचून रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल, किंवा दुसऱ्या कुणाला धोका होईल, असं वाटलं तर डॉक्टर तेवढा भाग रोखून ठेवू शकतात. पण मग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते, हे त्यांनीच तुम्हाला सांगायला हवं. डॉक्टरांवर भरती झालेल्या रुग्णांच्या नोंदीही तीनच वर्षं ठेवण्याचं बंधन आहे, त्यामुळे 'नंतर बघू' म्हणू नका. गाव बदलत असाल, मुलगी लग्न होऊन जात असेल, तर आधी प्रती घ्या.

विमा आणि नोकरीबद्दल एवढंच. विम्याचा दावा केला की कागद कंपनीकडे जातात, त्याला तुमची संमती तुम्ही फॉर्मवर सही करून दिलेली असते; सही करण्याआधी वाचा. मानसिक आजारालाही इतर आजारांसारखाच विमा द्यायला हवा, हे याच २०१७ च्या कायद्यात आहे. मात्र पॉलिसी घेताना फॉर्मवर आजार विचारला असेल तर लपवू नका. गावापासून गुप्त ठेवणं हा हक्क आहे, फॉर्मवर खोटं लिहिणं हा नाही, आणि नंतर दावा त्यावरूनच अडतो. रजेसाठी दाखला घेताना डॉक्टरांना सांगा, ऑफिसला लागतं तेवढंच लिहा. साहेबाच्या टेबलावरून तो कागद किती हातांतून जाणार, ते आपल्याला ठाऊक असतं.

एका गोष्टीचा मला फार त्रास होतो. १४ जून २०२० रोजी सुशांतसिंह राजपूतचा मुंबईत मृत्यू झाला आणि नंतरचे कित्येक आठवडे त्याच्या आजाराचं नाव, त्याच्या गोळ्या, उपचारांचा तपशील घराघरांत टीव्हीवर चालला. उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये, हे २०१७ च्या कायद्याचं चोविसावं कलम तेव्हा लागू होऊन दोन वर्षं झाली होती. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि बजावलं की आत्महत्येच्या बातमीत मृत व्यक्तीला दुबळ्या मनाची म्हणून रंगवू नये, तिच्या खासगीपणात शिरू नये. २०२० च्या त्या पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या दोघांनी येणं थांबवलं. एकाचं म्हणणं होतं, "मी मेलो तर माझंही असंच दाखवतील." मी त्यांना काय सांगणार होते?

हेच आता लहान प्रमाणात गावागावांत होतं. विहिरीवर गर्दी जमते, कुणीतरी मोबाईल काढतं, तासाभरात नाव-गावासह व्हिडिओ व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, आणि खाली ओळ: 'मानसिक उपचार चालू होते.' घरच्यांनी बातमीदाराला "उपचाराबद्दल आम्ही काही बोलणार नाही" असं सांगावं. ग्रुपच्या अॅडमिनने तो व्हिडिओ काढावा. ज्याने आत्महत्येचा प्रयत्न केला आणि जो वाचला, त्याच्या घरच्यांनी पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. दवाखाना पोलिसांना कळवतो हे खरं, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. आणि कुणाला रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

इतकं करूनही गोष्ट फुटली तर? आधी डॉक्टरांनाच भेटून किंवा लिहून सांगा. पुष्कळदा त्यांना पत्ताच नसतो की आपल्या काउंटरवरून काय बाहेर जातंय. तिथे निभावलं नाही तर डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाविरुद्ध रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करता येते. २०१७ च्या कायद्यातला हक्क मोडला असेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो, त्याला फी नाही. पैसे मोजून सेवा घेतली असेल तर अहिल्यानगरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि नोंदणी नसलेल्या समुपदेशकालाही तिथे उभं करता येतं. कुठे काय लिहायचं हे कळत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, मानसिक आजार असलेले लोक यांना वकील मोफत मिळतो.

तक्रार करायला लोक कचरतात त्याचं कारण मला समजतं. गुपित फुटल्याची तक्रार करायची म्हणजे ते गुपित आणखी दहा जणांना सांगायचं. म्हणून अर्जात आजाराचा तपशील गरजेपुरताच लिहा. कुणी, कधी, कुणाला, काय सांगितलं, हा मुद्दा आहे. तुमची सगळी कहाणी हा मुद्दा नाही. पाकिटावर 'गोपनीय' लिहा आणि नाव उघड न करता सुनावणी घ्यावी, अशी विनंती अर्जातच करा. ती मान्य होऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयात एक रोजंदारीवरचा कामगार गेला होता. एचआयव्ही असल्याचं तपासणीत आढळलं म्हणून, काम करायला धडधाकट असूनही, कंपनीने त्याला कामावरून काढलं होतं. नाव उघड झालं तर जगणं मुश्किल होईल, असं त्याने न्यायालयाला सांगितलं. न्यायालयाने त्याला नावाशिवाय दावा लढवू दिला. १९९७ मध्ये तो खटला त्याने जिंकला. निकालपत्रावर नाव आहे 'एमएक्स विरुद्ध झेडवाय'.